वेबसाइटवरच्या आयकॉनची चित्रं काढून आयकॉन फॉन्ट लावतोयस? मग हे बघ

आयकॉन फॉन्ट म्हणजे अक्षरांऐवजी चिन्हं असलेला फॉन्ट. सगळे आयकॉन एका दमात बदलू नकोस. एकरंगी तेवढेच घे: कचरापेटी, पेन्सिल, भिंग. रंगीत लोगो चित्रंच राहू देत, साध्या फॉन्टमधलं अक्षर एकाच रंगात उमटतं.

फायदा खरा आहे. १६ पिक्सेलचं पीएनजी चित्र दुप्पट घनतेच्या स्क्रीनवर भुरकट दिसतं, फॉन्ट नाही. माउस नेल्यावर रंग बदलायलाही दुसरं चित्र नको, पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसची एक ओळ पुरते.

गोची वेगळीच आहे. फॉन्ट लोड झाला नाही की आयकॉनच्या जागी रिकामे चौकोन! मी एकदा हौसेने बटणांवरची नावं काढून नुसते आयकॉन ठेवले होते. सेव्ह कुठलं, डिलीट कुठलं, कुणाला कळेना. नावं गुपचूप परत टाकली. शिवाय जुन्या चित्रासोबत त्याचा आल्ट मजकूरही (चित्राचं शब्दांतलं वर्णन) जातो, आणि स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) त्या चिन्हावर गप्प बसतो किंवा काहीतरी भलतंच वाचतो. म्हणून आयकॉनच्या टॅगला aria-hidden="true" दे, म्हणजे स्क्रीन रीडर ते चिन्ह वगळेल. बटणावर नाव नसेल तर बटणाला aria-label (स्क्रीन रीडर वाचेल ते नाव) हवंच.

शेकडोंपैकी वीसच आयकॉन लागणार असतील तर तेवढ्यांचाच वॉफ२ (वेबसाठी आकार कमी केलेला) फॉन्ट बनवून घे. आणि अजून काहीच बदललं नसेल, तर आधी एसव्हीजी (कितीही मोठं केलं तरी स्पष्ट राहणारं चित्र) बघ. मी आज तेच निवडेन.