जोडी लावताना कोड का बघायचा?

प्रश्न (निपाणीहून): आमचं साड्यांचं दुकान आहे. नवीन माल आला की फोनवर फोटो काढतो, मग ते दुकानातल्या कॉम्प्युटरवर घेऊन कोल्हापूर, गडहिंग्लजच्या गिऱ्हाईकांना पाठवतो. केबल लावून लावून कंटाळा आला म्हणून भाच्यानं केडीई कनेक्ट हे वायफायवरून फोन आणि कॉम्प्युटर जोडणारं ॲप टाकून दिलं. जोडताना दोन्हीकडं एक कोड येतोय, आम्ही तो न बघता सरळ 'पेअर' दाबतो. कोड कशासाठी असतोय? वायफाय गिऱ्हाईकांनाही दिलाय, त्याची काही भीती आहे का?

उत्तर: आधी एवढंच सांगतो, कोड दोन्ही स्क्रीनवर सारखा आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय बटण दाबू नका. आता का ते बघा.

कॉम्प्युटरवर तो प्रोग्रॅम चालू झाला की वायफायवर असणाऱ्या सगळ्यांना 'मी इथं आहे' म्हणून कळवतोय, मग तुमच्या फोनच्या यादीत कॉम्प्युटरचं नाव दिसतंय. पण नाव कुणीही काहीही ठेवू शकतंय की. तुमच्या कॉम्प्युटरचं नाव 'शॉप पीसी' असेल तर गादीवर बसून साड्या बघणारा माणूस आपल्या लॅपटॉपलाही तेच नाव देऊ शकतो. म्हणजे नावावर विश्वास ठेवून जोडलं तर फोन कुणाला जोडला गेला हे कळणारच नाही.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची, किल्ली म्हणजे पाठवलेला मजकूर कुलूपबंद करायला वापरतात तो लांबलचक आकडा. डिफी आणि हेलमन या दोन संशोधकांनी १९७६ साली एक रीत मांडली, तिच्यात दोन मशीन उघड्यावर बोलून आपसात एक गुपित किल्ली ठरवू शकतात आणि नुसतं ऐकत बसलेल्याला ती सापडत नाही. आज फोन-कॉम्प्युटरचं बोलणं बहुतेक ठिकाणी याच कल्पनेवर चालतंय, आणि मला तरी ही फार सुंदर गोष्ट वाटते. पण त्या रीतीत एक उणीव आहे, समोर नेमकं कोण आहे हे ती सांगत नाही. सोयरीक जमवताना मध्यस्थानं या घरी एक आणि त्या घरी एक सांगावं आणि दोन्ही घरांना वाटावं आपलं बोलणं थेट चाललंय, तसं मधे बसलेला माणूस फोनला आपली किल्ली देतो, कॉम्प्युटरलाही आपलीच देतो आणि मधून जाणारं सगळं वाचत बसतो.

तुम्ही जो कोड न बघता सोडून देताय तो इथंच कामाला येतोय. तो दोन्हीकडच्या किल्ल्यांपासून बनतो, त्यामुळं मधे कुणी असेल तर फोनवर एक कोड दिसेल आणि कॉम्प्युटरवर दुसरा. कोड लपवायची गरज नाही, तो गुपित नाहीच, फक्त शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, पहिली दोन अक्षरं बघून 'बरोबर आहे' म्हणायचं नाही. ब्लूटूथमध्ये सहा आकडे जुळवायला लावतात ना, तेही याचसाठी, २००७ च्या ब्लूटूथ २.१ पासून ही सोय आहे. मधल्या माणसाचे आकडे चुकून जुळायची शक्यता १० लाखात एक.

काही प्रोग्रॅम कोडऐवजी क्यूआर दाखवतात. त्यात किल्लीची माहिती स्क्रीनवरून थेट कॅमेऱ्यात जाते, वायफायवरून जातच नाही, म्हणून मधे कुणाला बदलता येत नाही. अट एकच, ती स्क्रीन तुमची पाहिजे.

आणि जोडून झालं की काम संपलं असं समजू नका. केडीई कनेक्टमध्ये प्रत्येक डिव्हाइससाठी वेगवेगळ्या सोयी चालू-बंद करता येतात, नोटिफिकेशन, मेसेज, क्लिपबोर्ड असं बरंच काही. नोटिफिकेशन चालू राहिलं तर बँकेचा ओटीपी काउंटरवरच्या स्क्रीनवर येणार आणि समोर गिऱ्हाईक उभं. तुम्हाला फोटोच पाठवायचेत, तर फाइल पाठवायचं तेवढं ठेवा, बाकी बंद करा. वायफायचं म्हणाल तर राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय, असेल तर गिऱ्हाईकांना ते द्या, आणि तुमचा फोन, कॉम्प्युटर मेन नेटवर्कवर ठेवा. गेस्टवर बऱ्याचदा एक मशीन दुसऱ्याला दिसतच नाही आणि मग 'ॲप चालत नाही' म्हणून लोक उगाच काढून टाकतात. फोन विकायच्या आधी कॉम्प्युटरवरून 'अनपेअर' करायला विसरू नका.

प्रश्न (खानापूरहून): शेताचा उतारा प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. त्यांनी माझ्या फोनवरून त्यांच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप स्कॅन करून घेतलं. प्रिंट झाली, विंडो बंद केली. आता काही करायचं राहिलं का?

उत्तर: राहिलं ताई, आणि ते आत्ताच करा. विंडो बंद केली म्हणून जोडणी तुटत नाही. फोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा, जे ओळखीचं नाही त्यावर दाबून लॉग आउट करा. एका खात्याला फोन सोडून चार डिव्हाइस जोडता येतात आणि त्यासाठी तुमचा फोन ऑनलाइन असावा लागत नाही, म्हणजे तुम्ही घरी झोपलेल्या असाल तरी तिकडं मेसेज दिसत राहतील. दुकानदार चांगला असला तरी त्या कॉम्प्युटरवर दिवसभर किती जण बसतात कुणाला ठाऊक. पुढच्या वेळी उतारा दुकानाच्या ईमेलवर पाठवा नाहीतर पेनड्राइव्हवर न्या, स्कॅन करूच नका. बसमधून उतरून घाई असते, मागं माणसं ताटकळलेली असतात, हे कळतंय मला, तरी पण.

प्रश्न (शहापूर, बेळगावहून): मैत्रिणीच्या नंबरवरून 'तुझा फोटो बघ' म्हणून लिंक आली, उघडल्यावर माझा नंबर मागितला आणि मग आठ अक्षरांचा कोड दाखवून व्हॉट्सॲपमध्ये टाक म्हणाले. मी टाकला नाही. बरोबर केलं ना?

उत्तर: अगदी बरोबर केलंत. तो कोड टाकला असता तर तुमचं खातं त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलं गेलं असतं, तुमचा पासवर्ड किंवा सिम न चोरता. याला घोस्टपेअरिंग म्हणतात, डिसेंबर २०२५ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनंही यावर इशारा दिला होता. जोडणी तुम्ही स्वतः, तुमच्याच कॉम्प्युटरसमोर बसून सुरू केलेली नसेल तर कुठलाच कोड टाकायचा नाही. मैत्रिणीला फोन करून तिची लिंक्ड डिव्हायसेसची यादी बघायला सांगा, तिचं खातं बहुतेक आधीच गेलंय. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवायला सांगा.