पहिल्या महायुद्धात जर्मनीविरुद्ध झालेल्या टॅनेनबर्गच्या लढाईत रशियाची दुसरी आर्मी कायमची संपली का?

नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये संपल्या त्या तिच्या मधल्या दोन कोअर (आर्मीचे मोठे विभाग), १३वी आणि १५वी. बाजूच्या पहिल्या आणि सहाव्या कोअर मागे हटल्या म्हणून वाचल्या. पुन्हा उभी केलेली हीच आर्मी नोव्हेंबरमध्ये पोलंडमधल्या वूच शहराजवळ लढली.

मधल्या कोअर अडकल्या, कारण बाजूच्या कोअर मागे हटल्या आणि या मात्र रसद मागे टाकून पुढे गेल्या होत्या. उपाशीपोटी चालणाऱ्या सैनिकांसाठीचे अनेक वायरलेस आदेश सांकेतिक भाषेशिवाय जात आणि जर्मन ते सरळ ऐकत, हे मला सगळ्यात क्लेशदायक वाटतं. या आर्मीचे सेनापती सॅमसोनोव्ह यांनी माघारीत, रात्रीच्या जंगलात स्वतःवर गोळी झाडली. रशियन कैद्यांचा सुमारे ९२,००० हा आकडा मात्र जर्मन बाजूचा आहे, तो जपून वापरा.