युनेम -आर (चालू कर्नलचं व्हर्जन दाखवणारी कमांड) मध्ये ५.१५.०-९१-जेनेरिक दिसतंय, मग त्या कर्नलच्या सोर्ससाठी उबुंटूच्या गिटमधला नेमका टॅग (ठराविक व्हर्जनच्या सोर्सला दिलेलं नाव) कोणता?

युनेमवर थांबू नका, तिथे अर्धाच आकडा मिळतो. प्रॉक फोल्डरमधली व्हर्जन_सिग्नेचर नावाची फाइल कॅट करून बघा, तुमच्या केसमध्ये ५.१५.०-९१.१०१ असं काहीतरी येईल आणि त्याच ओळीत शेवटी ५.१५.१३१, म्हणजे मूळ लिनक्सचं कुठलं स्टेबल व्हर्जन आत मिसळलंय ते. यातला ९१ हा एबीआय नंबर (कर्नल आणि त्याच्या मॉड्यूल्सचा मेळ दाखवणारा) आणि १०१ हा अपलोडचा, आणि टॅगला दोन्ही लागतात. लाँचपॅडवरची (उबुंटूचा सोर्स ठेवणारी साइट) जॅमी, म्हणजे उबुंटू २२.०४ ची, रेपो क्लोन करा, उबुंटू-५.१५.०-९१.१०१ हा टॅग चेकआउट करा, झालं काम. आणि हो, ते मधलं ५.१५.० बघून मूळ रेपोतला ५.१५ चा टॅग घेऊन बसू नका, तो शून्य नुसता नावाला आहे, कितीही स्टेबल पॅच आले तरी बदलत नाही.

एचडब्ल्यूई कर्नल (जुन्या उबुंटूवर नव्या हार्डवेअरसाठी मिळणारं नवं कर्नल) असेल तर टॅगमध्ये उबुंटू नंतर एचडब्ल्यूई-५.१५ असं येतं आणि पॅकेजच्या व्हर्जनमधलं टिल्ड (~२०.०४.१ वालं) टॅगमध्ये अंडरस्कोर होतं, कारण गिटला टॅगच्या नावात टिल्ड चालतच नाही. बरेच जण इथेच अडकतात, टॅग समोर असतो पण सर्चमध्ये सापडत नाही!

डेबियनवर असाल तर युनेम -व्ही मारा, ६.१.०-१८ च्या मागे खरं व्हर्जन ६.१.७६-१ आहे हे तिथेच कळतं. फक्त त्यांच्या रेपोत डेबियन/६.१.७६-१ टॅगखाली पॅकेजिंग आणि पॅचेसच असतात, पूर्ण सोर्स वेगळा आणावा लागतो.