आधी सांग, तिला हवंय काय?

पोरी,

तुझा मेसेज वाचला. राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात आईची भूमिका मिळालीय, पोराला झेडपीचं तिकीट मिळवून देणारी, आणि सगळे म्हणतायत आधीच्या बाईंनी गाजवलेली भूमिका आहे, व्हिडिओ बघ आन् तस्संच कर. बघ की, मी कुठं नको म्हणतीये. पण त्याआधी सांग, त्या बाईला हवंय काय?

हॉलिवूडच्या मेरील स्ट्रीपचं घे. २००४ चा 'द मंचुरियन कँडिडेट', रिमेक, त्यात ती पोराला राजकारणात पुढं रेटणारी आई. १९६२ च्या मूळ सिनेमात हीच आई अँजेला लान्सबरीनं केलेली, ऑस्करचं नॉमिनेशन मिळालेलं, आणि खऱ्या वयात पडद्यावरच्या पोरापेक्षा जेमतेम तीन वर्षांनी मोठी बघ! एवढं काम डोक्यावर बसलेलं असताना दुसरी कुणी कॉपी मारली असती, नायतर मुद्दाम उलटं केलं असतं. पण लान्सबरीची बाई बिनडोक सिनेटर नवऱ्याला पुढं करून मागनं दोऱ्या ओढते आणि स्ट्रीपची बाई स्वतःच सिनेटर, तिला कुणाच्या मागं लपायची गरजच नाही. पोराला अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचं तिकीट द्या म्हणून बंद खोलीत पक्षाच्या पुढाऱ्यांना झापते, ग्लासातला बर्फ कडाकडा चावते. बर्फ चावायचा म्हणून चावत नाही गं, हवंय ते आत्ताच्या आत्ता हवंय म्हणून चावते. तू बर्फाची नक्कल करशील, मला भीती तीच.

आमच्या वेळी कॅसेट होत्या. एक दिग्दर्शक म्हणाले, कॅसेटमधली बाई इथं हात उचलते, तू पण उचल. म्हटलं का उचलते? तर म्हणे टाळी पडते. मी तालमीला जाणंच सोडलं. लोक अजून म्हणतात बया गर्विष्ठ, म्हणू देत. तशी भूमिका परत आली नाही, सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात दुसरीला त्या साडीत बघताना पोटात तुटलं, खोटं कशाला बोलू. पण तो हात मी आजही उचलणार नाही, का उचलायचा ते कुणी सांगितल्याशिवाय. माझंच बरोबर होतं.

तिकीट वाटपाच्या दिवसांत पार्क चौकात जाऊन उभी राहा. पोराची कॉलर नीट करणाऱ्या आया दिसतील, हात कॉलरवर आणि डोळे साहेबांच्या गाडीकडं. त्यांना काय हवंय ते बघ, व्हिडिओ कुठं पळून जात नाही.

तुझ्या नाटकातल्या आईला तिकीट पोरासाठी हवंय का स्वतःसाठी? रविवारी येताना उत्तर घेऊन ये. आणि 'दोन्ही' म्हणालीस तर दारातनंच परत पाठवीन.

तुझी मावशी