वाचक विचारतात : तिहेरी उडीत स्टेप का तोकडी पडते?

प्रश्न : माझी हॉप (ज्या पायाने उडालो त्याच पायावर उतरायची पहिली उडी) ४.८० मीटर जाते, पण स्टेप (दुसऱ्या पायावर उतरायची उडी) जेमतेम २.९०. शेवटची, वाळूत उतरायची जंप ४.१० धरली तरी एकूण ११.८० च्या पुढे गाडी सरकत नाही. विश्वविक्रमवीर जोनाथन एडवर्ड्स हॉप बुटकी, म्हणजे कमी उंचीची ठेवायचा म्हणतात. मग तो एवढा लांब कसा जायचा?

उत्तर : घोळ स्टेपमध्ये नाही, हॉपमध्ये आहे. तुम्ही हॉपची लांबी उंचीतून काढताय. जितकं वर जाल तितक्या जोरात खाली याल, आणि तो सगळा भार एकाच पायावर येतो. गुडघा दबतो, पाय जमिनीवर रेंगाळतो, वेग मरतो. मग स्टेप मारायला उरतं काय?

७ ऑगस्ट १९९५ रोजी गोथेनबर्गला एडवर्ड्सने पहिल्याच प्रयत्नात १८.१६ मीटर उडी मारली आणि दुसऱ्यात १८.२९. या दुसऱ्या उडीचे तुकडे पाहा : हॉप ६.०५, स्टेप ५.२२, जंप ७.०२. सर्वांत मोठा तुकडा शेवटचा! हॉपमध्ये राखलेला वेग त्याने वाळूच्या तोंडाशी वापरला. त्याच हंगामात तो दोन्ही हात एकदम पुढे टाकू लागला होता. त्यामुळे अंग डावी-उजवीकडे वळत नाही.

तुम्ही मात्र थेट त्याचं प्रमाण उचलू नका, त्याला त्याच्यासारखा वेग लागतो. सध्या ३५-३०-३५ टक्के धरा. आठ पावलांच्या धावेवर १० मीटरचं लक्ष्य ठेवा. वाळूच्या ७ मीटर अलीकडून उडी घ्या. तिथून ३.५० आणि ६.५० मीटरवर धावपट्टीच्या कडेला खुणा करा. पट्टीवर केल्या तर नजर खाली जाते आणि अंग वाकतं. पाय टाचेवर आपटू नका, तो ब्रेकच आहे. पूर्ण तळवा टेकवा, आणि टेकण्याआधीच पाय मागे ओढायला लागा. एका दिवशी आठ-दहा उड्या पुरेत, आठवड्यातून दोनदा. नडगी दुखली की त्या दिवशी थांबा.

प्रश्न : रविवारी न खेळल्यामुळे एडवर्ड्सचं नुकसान झालं का?

उत्तर : झालं. धर्मश्रद्धेपोटी त्याने १९९१ ची टोकियोची जागतिक स्पर्धा सोडली, कारण पात्रता फेरी रविवारी होती. १९९३ मध्ये त्याने हा नियम सोडला आणि त्याच वर्षी स्टुटगार्टला कांस्य मिळवलं. ऑलिंपिक सुवर्ण हुकलं त्याचा मात्र रविवारशी संबंध नाही. १९९६ ला अटलांटात तो १७.८८ गेला, पण केनी हॅरिसन १८.०९ गेला. चार वर्षांनी सिडनीत, वयाच्या ३४ व्या वर्षी, १७.७१ वर त्याला सुवर्ण मिळालं.