दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली, तर मेंदू प्रबळ डोळ्याचंच ऐकतो का?

नाही. ‘प्रबळ डोळा जिंकतो’ हे सगळीकडे ठोकून दिलं जातं. नेम धरताना तुम्ही जो डोळा उघडा ठेवता, त्याचा इथे फारसा संबंध नाही.

चित्रांत थोडाच फरक असेल तर मेंदू ती जुळवतो आणि त्या फरकातूनच खोली काढतो. जुळण्यासारखं काही नसेल तर मात्र पाळी लागते, दर काही सेकंदांनी पारडं फिरतं. इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टन यांनी 1838 मध्येच स्टिरिओस्कोपमधून, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणाऱ्या उपकरणातून, एका डोळ्याला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘एस’ दाखवून हे नोंदवलंय.

घरीच बघा. कागदावर 2 सेंटीमीटरचे दोन चौकोन काढा, मध्यापासून मध्यापर्यंत 5 सेंटीमीटर. काळ्या स्केचपेनने एकात उभ्या रेषा, दुसऱ्यात आडव्या. चौकटी सारख्याच जाड हव्यात, त्यांच्याच आधाराने चौकोन एकावर एक बसतात. मधे 30 सेंटीमीटरचा पुठ्ठा उभा धरा, एक कड कागदावर, दुसरी नाकाला. नजर कागदाच्या पार लांब सोडा. चौकोन अलग सरकत असतील तर तुम्ही कागदाकडेच बघताय आणि डोळे आत वळतायत. जमलं की उभ्या-आडव्याची जाळी टिकत नाही. गोधडीसारखे तुकडे दिसतात आणि त्यांची शिवण सरकत राहते. चौकोन 5 मिलिमीटरचा केला की बहुतेकदा अख्खाच पालटतो. एका बाजूच्या रेषा पेन्सिलीने फिक्या काढा. गडद बाजू जास्त वेळ दिसेल, पण फिकीही अधूनमधून वर येईल. नुसत्या मनाच्या जोरावर एकच धरून ठेवता येत नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात आम्ही हेच ‘वर्थचे चार दिवे’ या चाचणीने तपासतो. उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी. दिवे एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा. चार दिसले तर ठीक, त्यातल्या पांढऱ्या दिव्याचा रंग बदलत राहतो. दोन लालच दिसले तर मेंदूने डावा डोळा दाबलाय, तीन हिरवेच दिसले तर उजवा. पाच म्हणजे दुहेरी दिसतंय.

लहान मुलाच्या एकाच डोळ्याला मोठा नंबर असेल तर मेंदू त्याला पाळीच देत नाही, आणि मूल तक्रारही करत नाही. शाळेच्या तपासणीत तळहाताने डोळा झाकायला लावतात! मूल बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्याने तक्ता वाचतं, शेरा ‘नॉर्मल’. चिकटपट्टी लावा हो, किती वेळा सांगायचं? आणि ‘मोठेपणी लेसर करू’ म्हणणाऱ्यांनो, लेसरने नंबर जातो, मेंदूने लावून घेतलेली सवय नाही. आधी पूर्णवेळ चष्मा. तो पुरला नाही तर चांगल्या डोळ्यावर पट्टी. सात वर्षांखालच्या मुलांत डोळा मध्यम आळशी (मेंदूने बाजूला टाकल्याने चष्म्यानेही कमी दिसणारा) असेल तर पट्टीचे रोजचे 2 तास 6 तासांइतकेच काम करतात.

पट्टी मनाने सुरू करू नका, क्वचित चांगल्या डोळ्याचीच नजर उतरते. आणि मोठ्या माणसाला अचानक दोन-दोन दिसायला लागलं तर हे चौकोन काढत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.