फिडल हनुवटीखालीच कशाला?

फिडल (म्हणजे व्हायोलिनच) हनुवटीखाली दाबून वाजवताना मान आणि खांदा आखडतो म्हणता, तर आधी हनुवटीचा आग्रह सोडा. अ‍ॅपलाचियाच्या (पूर्व अमेरिकेतल्या) डोंगराळ मुलखातले कितीतरी जुने वादक फिडल छातीवर किंवा दंडाच्या वरच्या भागाशी टेकवून वाजवत. नाचासाठी तासन्‌तास वाजवायचं, मधेच गायचंही, तेव्हा तोंड मोकळं असलेलं बरं.

हे जमतं, कारण ओल्ड-टाइमच्या (तिथल्या जुन्या लोकसंगीताच्या) बहुतेक धुना पहिल्या पोझिशनमध्येच, म्हणजे हात दांडीच्या खुंट्यांकडच्या टोकाशी ठेवूनच, बसतात. पाश्चात्त्य शास्त्रीय वादकाचा डावा हात दांडीवर वरखाली सरकतो, म्हणून त्याला हनुवटीची पकड लागते. आपला हात जागचा फारसा हलत नाही; फिडलचा थोडा भार त्याने घेतला तरी चालतं. फक्त अंगठ्याने दांडी आवळू नका. मी वर्षभर आवळली आणि अंगठ्याच्या मुळाशी दुखणं घेऊन बसलो.

फिडल खाली आलं की गज तिरका जाऊ लागतो. तो घोडीला (तारा पेलणाऱ्या लाकडी पट्टीला) समांतर राहतोय ना, ते आरशात बघा. गज मुठीकडच्या टोकापासून दोन-तीन बोटं वर धरून पाहा, हलका लागेल. फिडल छातीवर घसरत असेल तर मध्ये मऊ चामड्याचा तुकडा ठेवा. रोज 10 मिनिटं, एकच धून. आठवड्याने खांदा कसा आहे ते सांगा.